इंजिन का थांबले?
एका लहान विमानाच्या अपघाताचा कार्यकारणभाव

(द्वितीय वर्ष, कला)

आमचे गाव इंदापूर तालुक्यात आहे. बारामतीच्या धावपट्टीवरून शिकाऊ वैमानिकांची लहान विमाने उडतात, आणि त्यांतली काही आमच्या रानावरून घिरटी घालून परत जातात. लहानपणी उसात खुरपणी चालू असताना तो घरघराट कानी आला, की आम्ही भावंडे खुरपे टाकून वर पाहत असू. आजीही पाहत असे. तिचा प्रश्न मात्र दरवेळी एकच : "आन् त्ये वर बंद पडलं, तर रं?" आम्ही हसत असू. उत्तर कोणालाच येत नसे.

यंदा तर्कशास्त्राच्या तासाला सर 'कारण' ही संकल्पना शिकवीत होते. आवश्यक अट कोणती, पर्याप्त अट कोणती, आणि अनेक अटी एकत्र आल्यावर त्यांतल्या एकीलाच आपण 'कारण' का म्हणतो, असा विषय होता. प्रत्येकाने प्रत्यक्ष घडलेली एखादी घटना घेऊन तिची कारणे तपासावीत, असे सरांनी सांगितले, आणि मला आजीचा प्रश्न आठवला. मी कलाशाखेचा विद्यार्थी. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेला पहिलाच. यंत्राशी माझी ओळख आहे ती विहिरीवरच्या डिझेल इंजिनाची आणि वडील चालवतात त्या टेम्पोची, एवढीच. तेव्हा जाणकारांना पुढील विवेचनात काही बाळबोध वाटले, तर त्यांनी ते सांभाळून घ्यावे.

१. इंधनाची वाट

लहान विमानाचे इंजिन हे पुष्कळसे मोटारीच्या इंजिनाच्या जातीचे असते. सिलिंडरात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण येते, दट्ट्या ते दाबतो, ठिणगी पडते आणि स्फोटाच्या जोराने दांडा फिरतो. फरक एवढाच, की त्या दांड्याला चाकांऐवजी पंखा जोडलेला असतो. हे पेट्रोल बहुधा पंखांतल्या टाक्यांत साठवलेले असते. सेसना १७२ या जगभर वापरल्या जाणाऱ्या विमानाचे पंख वैमानिकाच्या डोक्यावर असतात. त्यामुळे आमच्या गावच्या टाकीतून नळाला पाणी यावे, तसे पेट्रोल उतारानेच खाली येते. ज्या विमानांचे पंख खाली असतात, त्यांत मात्र ते पंपाने वर ओढून घ्यावे लागते.

टाकीतून निघालेले पेट्रोल प्रथम एका कॉकपाशी येते. हा कॉक फिरवून वैमानिक डावी टाकी, उजवी टाकी किंवा बंद, अशी निवड करतो. काही विमानांत दोन्ही टाक्या एकदम जोडण्याचीही सोय असते. कॉकनंतर गाळणी, मग कार्ब्युरेटर. तेथे वजनाने साधारण पंधरा भाग हवा आणि एक भाग पेट्रोल असे मिश्रण होऊन ते सिलिंडरात जाते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. या इंजिनांत ठिणगीची व्यवस्था दुहेरी असते. दोन स्वतंत्र मॅग्नेटो आणि प्रत्येक सिलिंडराला दोन प्लग. एक व्यवस्था बिघडली, तरी दुसरी चालू राहते. कॉकपासून कार्ब्युरेटरपर्यंतची इंधनाची वाट मात्र बहुधा एकच असते. म्हणून तिच्यावर वैमानिकाला डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते.

२. संपणे आणि न पोचणे

ही वाट अडते कशाने? पहिला शत्रू पाणी. टाकी अर्धी रिकामी ठेवली, तर आतल्या हवेतील बाष्पाचे थेंब होतात. झाकण सैल असेल, तर पावसाचे पाणी आत जाते. पाणी पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे ते तळाशी बसते आणि तळाशीच तर इंजिनाकडे जाणारे तोंड असते. यासाठी दिवसाच्या पहिल्या उड्डाणापूर्वी वैमानिक टाकीच्या तळाचे थोडे पेट्रोल पारदर्शक पेल्यात काढतो आणि उजेडात धरून पाहतो. विमानात नेहमी वापरल्या जाणाऱ्या पेट्रोलला मुद्दाम निळा रंग दिलेला असतो. पेल्याच्या तळाशी बिनरंगी थेंब दिसला, की ते पाणी समजावे. यातही एक मेख आहे. पेला सगळाच पाण्याने भरला, तर मधली रेघ दिसत नाही आणि घाईतल्या माणसाला सारे स्वच्छच वाटते. म्हणून नुसती स्वच्छता पाहून भागत नाही, निळा रंग आहे की नाही हे पाहावे लागते.

दुसरा शत्रू म्हणजे तुंबलेले वायुछिद्र. गोडेतेलाच्या डब्याला एकच भोक पाडले, तर तेल गचके खात येते आणि थांबते. दुसरे भोक पाडले, की धार लागते, हे आपल्या घरातील प्रत्येक स्त्रीला ठाऊक आहे. टाकीतले पेट्रोल जसे कमी होते, तशी तिच्यात बाहेरची हवा यावी लागते. ती येण्याच्या नळीत एखाद्या किड्याने मातीचे घर केले, तर टाकी भरलेली असूनही इंजिन उपाशी राहते.

तिसरा शत्रू सर्वांत लबाड आहे, तो म्हणजे बर्फ. उन्हाळ्यात माठातले पाणी ज्या न्यायाने गार होते, त्याच न्यायाने पेट्रोलची वाफ होताना कार्ब्युरेटरचा अरुंद गळा गार होतो. तेथील हवेचे तापमान तीस अंशांहूनही अधिक उतरू शकते. त्यामुळे बाहेर वीस-पंचवीस अंशांची सुखद, पण दमट हवा असतानाही आत बर्फ धरतो आणि इंजिनाची ताकद हळूहळू घटत जाते. त्यावर उपाय म्हणून कार्ब्युरेटरात गरम हवा सोडणारा दांडा असतो. तो वेळेवर ओढला नाही आणि विमान पडले, तर तपास करणारे पोचेपर्यंत बर्फ वितळून गेलेला असतो. गुन्हेगार पुराव्यासकट पसार!

या सर्वांपेक्षा साधी अशी आणखी एक गोष्ट आहे. तपासणीच्या भाषेत दोन निरनिराळे शब्द वापरतात. एक, विमानातील इंधन संपणे. दुसरा, विमानात इंधन असून ते इंजिनाला न पोचणे. एक टाकी कोरडी झाली, दुसरीत पेट्रोल आहे, पण कॉक कोरड्या टाकीवरच राहिला, की दुसरा प्रकार घडतो. कणगीत ज्वारी आहे आणि ताटात भाकरी नाही, अशातली ही गत. मी निवडलेला अपघात या दुसऱ्या प्रकाराच्या अंगाने जातो.

तत्पूर्वी आजीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच देऊन ठेवतो. इंजिन थांबले म्हणून विमान दगडासारखे पडत नाही. नाक योग्य कोनात ठेवून वेग राखला, तर ते घारीसारखे तरंगत खाली येते. सेसनासारखे विमान हजार फूट उंचीवरून दीड सागरी मैलाच्या आसपास पुढे जाऊ शकते. शेत, माळ, रस्ता, जे सापडेल तेथे ते उतरवावे, असे शिक्षण प्रत्येक वैमानिकाला मिळते. विमान पडते ते बहुधा ताबा सुटल्यामुळे. आता हा ताबा कसा सुटतो ते पाहू.

३. १२ ऑक्टोबर १९९७

जॉन डेन्व्हर हा अमेरिकेतील अतिशय लोकप्रिय गायक होता. डोंगर, नद्या आणि गावाकडची वाट यांवरची त्याची गाणी जगभर गायिली गेली. त्याचे वडील अमेरिकन हवाई दलात वैमानिक होते. तो स्वतःही नवशिका नव्हता. अडीच हजार तासांहून अधिक उड्डाणाचा अनुभव त्याच्या गाठीशी होता.

त्याने लाँग-ईझेड नावाचे दोन आसनी विमान विकत घेतले. बर्ट रुटान या विख्यात अभियंत्याने आखलेले हे विमान हौशी लोक नकाशे घेऊन स्वतः घरी बांधत असत. याचे लहान पंख पुढे, मोठे पंख मागे आणि इंजिन पाठीमागे असते. डेन्व्हरने घेतलेले विमान असेच दुसऱ्या एका गृहस्थाने बांधलेले होते. मूळ आराखड्यात इंधनाचा कॉक वैमानिकाच्या पुढ्यात, पायांच्या मधोमध दाखवला होता. या विमानाच्या बांधणाऱ्याने तो तेथे न बसवता वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागील भिंतीवर बसवला. हेतू वाईट नव्हता. पेट्रोलच्या नळ्या वैमानिकाच्या बैठकीत येऊ नयेत, असा त्याचा विचार होता. मात्र त्या कॉकवर कोणती बाजू कोणत्या टाकीची, याची खूण केलेली नव्हती. इंधन किती आहे हे दाखवणाऱ्या काचनळ्याही वैमानिकाच्या पाठीमागे होत्या आणि त्यांच्यावरही खुणा नव्हत्या.

११ ऑक्टोबरला डेन्व्हरला या विमानाची जुजबी ओळख करून देण्यात आली. त्या शिकवणीचे उड्डाण सुमारे अर्ध्या तासाचे होते. दुसऱ्या दिवशी, १२ ऑक्टोबरला, कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे विमानतळावर तो सायंकाळच्या उड्डाणाची तयारी करीत होता. तेथील एका तंत्रज्ञाशी त्याचे कॉकविषयी बोलणे झाले. कॉक फिरवायला जड होता आणि बसल्या जागेवरून त्याच्यापर्यंत नीट हात पोचत नव्हता. दोघांनी मुठीला पकड लावून ती लांब करता येते का, तेही पाहिले. जमले नाही. तेव्हा, वेळ आलीच तर स्वयंचलित चालकावर विमान सोपवीन आणि मग कॉक फिरवीन, असे डेन्व्हरने सांगितले. मागच्या काचनळ्या पाहता याव्यात म्हणून तंत्रज्ञाने त्याला एक लहान आरसा दिला. टाक्या भरलेल्या नव्हत्या. इंधन भरायचे का, असे विचारल्यावर, आपण तासाभरच उडणार आहोत, गरज नाही, असे उत्तर त्याने दिले.

सव्वापाचच्या सुमारास विमान उडाले. धावपट्टीला चाके टेकवून पुन्हा उडण्याचा सराव त्याने काही वेळा केला आणि मग तो समुद्राच्या बाजूला वळला. साडेपाच वाजायच्या आत, पॅसिफिक ग्रोव्ह या गावाजवळ, किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर विमान समुद्रात कोसळले. त्या वेळी ते साडेतीनशे ते पाचशे फूट उंचीवर होते. पाहणाऱ्यांपैकी काहींनी 'फट्' असा आवाज ऐकला, तर काहींनी इंजिनाचा आवाज मंदावल्याचे सांगितले. मग विमान उजवीकडे कलंडले आणि नाकावर खाली गेले. डेन्व्हर जागीच ठार झाला. त्याचे वय त्रेपन्न होते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने तपास केला. पाण्यातून काढलेल्या अवशेषांत कॉक एका टाकीवर पूर्ण नव्हता, तो मधल्याच स्थितीत सापडला. तपास करणाऱ्यांनी तशाच विमानात बसून पाहिले. कॉक फिरवायचा, तर उजव्या हातातला सुकाणूचा दांडा सोडावा लागे, खांद्याचा पट्टा सैल करावा लागे, अंग डावीकडे काटकोनात वळवावे लागे आणि मग मूठ फिरवावी लागे. हे करताना एक गोष्ट आपोआप घडे. अंग डावीकडे वळले, की तोल सांभाळण्यासाठी उजवा पाय ताठ होई आणि उजवे पायपट्ट दाबले जाई. पायपट्ट दाबले, की विमान उजवीकडे वळणार! पाच हजार फुटांवर ही चूक सुधारायला अवधी मिळाला असता. पाचशे फुटांवर तो नव्हता.

४. मग कारण कोणते?

जानेवारी १९९९ मध्ये मंडळाने आपला निष्कर्ष दिला. संभाव्य कारण म्हणून त्यांनी पुढील गोष्टी सांगितल्या : कॉक फिरवण्याच्या प्रयत्नात वैमानिकाचे लक्ष विमान चालवण्यावरून उडाले आणि उजवे पायपट्ट नकळत दाबले गेल्याने ताबा सुटला. तसेच, उड्डाणापूर्वीची तयारी अपुरी होती, विशेषतः इंधन भरले गेले नाही. आणि 'कारणीभूत घटक' म्हणून त्यांनी नोंदले : कॉक हाताला न येणाऱ्या जागी आणि खुणेविना बसवण्याचा बांधणाऱ्याचा निर्णय, खुणा नसलेल्या काचनळ्या, या विमानाचे अपुरे शिक्षण आणि अपुरा अनुभव.

आता आपण तर्कशास्त्रात शिकतो ती 'जर-तर'ची कसोटी लावून पाहू. डेन्व्हरने टाक्या भरल्या असत्या, तर त्या सायंकाळी कॉक फिरवण्याची वेळ आली नसती. म्हणजे इंधन न भरणे ही आवश्यक अट झाली. कॉक आराखड्याप्रमाणे पायांमध्ये असता, तर तोच माणूस, तेवढ्याच इंधनात, दोन सेकंदांत टाकी बदलून घरी गेला असता. म्हणजे कॉकची जागा हीसुद्धा आवश्यक अटच झाली. उंची जास्त असती, तर? त्या विमानाचा सराव आठवडाभर झाला असता, तर? यांतली एकही अट एकटी पर्याप्त नाही. सगळ्या एकत्र आल्या, तेव्हा घटना घडली.

असे असता काही अटी 'कारण' या मथळ्याखाली आणि काही 'घटक' या मथळ्याखाली का? मंडळाच्या तपासाविषयी मला आदर आहे, आणि त्यांनी काही लपवलेले नाही. कॉकचा दोष त्यांनीच शोधून काढला. तथापि मला एक भेद महत्त्वाचा वाटतो. इंधन न भरणे ही एका माणसाने एका सायंकाळी केलेली चूक आहे. तो माणूस गेला, त्याबरोबर ती चूकही गेली. हाताला न येणारा, बिनखुणेचा कॉक ही मात्र यंत्रात दबा धरून बसलेली चूक आहे. आज हा बसला, उद्या दुसरा बसेल. ती वाट पाहतच राहते. त्या सायंकाळी तिच्यापुढे डेन्व्हर आला.

याच्या उलट उदाहरण आपल्याच रस्त्यांवर होते. कार्ब्युरेटरच्या जुन्या मोटारसायकलींना रिझर्व्हचा कॉक डाव्या गुडघ्याजवळ असे. इंजिन गचके खाऊ लागले, की चालवणारा नजर रस्त्यावरून न काढता डावा हात खाली नेई, कॉक फिरवी आणि पुढे जाई. पेट्रोल विसरणारे लोक तेव्हाही होतेच. पण विसरलेल्या माणसाला सांभाळून घेण्याची सोय ज्याने ती गाडी आखली, त्याने करून ठेवली होती. माणूस चुकणार, हे धरूनच यंत्र आखले पाहिजे, हा या अपघाताचा धडा आहे, असे मी समजतो.

५. घाटातला टेम्पो

हा धडा मला इतका जवळचा का वाटला, ते सांगून लेख आवरता घेतो. माझे वडील, अण्णा, एका मालकाच्या टेम्पोवर ड्रायव्हर आहेत. मी बारावीला होतो, तेव्हाची गोष्ट. टेम्पोचा डिझेलचा काटा कित्येक महिने अडकलेला होता. नेहमी अर्धी टाकी दाखवी. अण्णांनी मालकाला दोन-तीनदा सांगितले होते. तोवर ते टाकीत काठी घालून डिझेल मोजत. एका रात्री डाळिंबाचा माल वाशीच्या बाजारात पोचवायचा होता. माल भरायला उशीर झाला, मालकाने घाई केली, आणि त्या रात्री अण्णांनी काठी घातली नाही. खंडाळ्याच्या घाटात टेम्पो थांबला. डिझेल इंजिन एकदा कोरडे पडले, की नळीत हवा धरते. डिझेल आणायचे, मग बोल्ट सैल करून पंपाने ती हवा काढायची, यात चार तास गेले. पहाटेचा लिलाव हुकला. 'चूक ड्रायव्हरची' असे म्हणून मालकाने पंधरा दिवसांचा पगार कापला. माझी बारावीच्या परीक्षेची फी त्या महिन्यात मामांनी भरली.

हा निबंध लिहिताना मी अण्णांना डेन्व्हरची हकिकत सांगितली आणि म्हणालो, "अण्णा, तुमची चूक नव्हती." ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "चूक हुती. काठी घालाया पायजे हुती. पन काटा बी नीट पायजे हुता." तर्कशास्त्राचा एक शब्दही न शिकलेल्या माणसाने दोन्ही आवश्यक अटी दोन वाक्यांत मांडल्या, आणि स्वतःची अट आधी मांडली. मला वकिली करावयाची होती, ती तेथेच संपली.

पुढे काटा दुरुस्त झाला. काम अर्ध्या तासाचे होते. कापलेला पगार परत मिळाला नाही. दोष एकाच माणसाच्या माथी मारला, की हिशेब मिटल्यासारखा वाटतो. काटा मात्र तसाच अर्ध्यावर अडकून राहतो, पुढच्या ड्रायव्हरची वाट पाहत. आपल्या भोवतालच्या गिरण्या, दवाखाने, एस.टी. स्टँड, शाळा यांत असे किती काटे अडकलेले असतील, आणि किती कॉक खांद्यामागे बसवलेले असतील, याचा विचार आपण कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनीही करावयास हवा. त्यासाठी यंत्रशास्त्र यावेच लागते असे नाही. 'कोण चुकला?' एवढ्यावर न थांबता 'चुकणे इतके सोपे कोणी करून ठेवले?' असे विचारता आले, तरी पुरे.

दिवाळीच्या सुट्टीत आजीला सांगितले, "इंजिन बंद पडलं, तरी विमान लगेच पडत नाही. तरंगत खाली येतं."

तिने क्षणभर विचार केला आणि विचारले, "मंग पडतंय कशानं?"

मी सांगायला बसलो. ती वाती वळत ऐकत होती. कॉक खांद्यामागे होता, येथपर्यंत आलो, तेव्हा तिने डावा हात वर करून आपल्या खांद्यामागे नेऊन पाहिला. तो पोचला नाही.